भ्यायचे कशाला : काडतुसाला की बंदुकीला?

(आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फलकावरचा विषय वाचून दोघातिघांनी मला मघाशीच विचारले, की गणपतीच्या मांडवात बंदूक-काडतूस हा काय विषय झाला? अथर्वशीर्ष, संतवाङ्मय, फार तर मधुमेह, अशा विषयांची आपल्या व्याख्यानमालेला सवय आहे. पण हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. तो मला रुळावर पडलेला सापडला.

२०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. दुसऱ्याच दिवशी भुसावळ-खांडवा मार्गावर, नेपानगरच्या परिसरात, सागफाटा स्टेशनाजवळ लष्कराची एक विशेष गाडी जात होती. तिच्या वाटेत रुळावर १० डिटोनेटर ठेवलेले होते. गाडीखाली आवाज झाले, लोको पायलटने गाडी थांबवली, स्टेशनला कळवले. इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे झाले. पुढे तीन-चार दिवसांनी बातमी बाहेर आली आणि टीव्हीवर जे सुरू झाले ते आपण सर्वांनी पाहिले. लष्कराची गाडी उडवण्याचा कट, १० बॉम्ब, थोडक्यात अनर्थ टळला, वगैरे. माझ्या बहिणीचा जळगावहून रात्री फोन आला. म्हणाली, "दादा, तुमच्या रेल्वेत बॉम्ब लावतायत म्हणे, दोन दिवस रजा टाक."

आता मी माणूस रेलपथाचा. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो तेव्हापासून हे डिटोनेटर माझ्या स्टोअरमध्ये आहेत, त्यांची नोंदवही माझ्या सहीने चालते. त्यामुळे तिला जे फोनवर सांगितले तेच आधी इथे सांगतो.

रेल्वेचा डिटोनेटर म्हणजे बुटाच्या पॉलिशच्या छोट्या डबीएवढी चपटी पत्र्याची डबी. तिला दोन्ही बाजूंना शिशाच्या मऊ पट्ट्या असतात, त्या रुळाच्या माथ्यावरून खाली वाकवल्या की डबी रुळावर घट्ट बसते. आत थोडीशी स्फोटक दारू. चाक वरून गेले की मोठा आवाज होतो, बस्स. रूळ तुटत नाही, चाकाला काही होत नाही. आमच्या गँगची माणसे त्याला पटाखाच म्हणतात. त्याचे कामच मुळी आवाज करणे हे आहे. आपल्या लखनौच्या जानेवारीतल्या धुक्यात, जेव्हा माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे, १० मीटरच्या अंतराने असे दोन पटाखे लावायचे. ते वाजले की लोको पायलटला कळते, पुढे सिग्नल आहे, डोळे उघडे ठेव, वेग उतरव. रूळ तुटला, गाडी मध्येच अडकली, तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर १०-१० मीटरच्या अंतराने तीन पटाखे लावून मागची गाडी थांबवायची. धुक्यात आता जी.पी.एस.वर चालणारे यंत्र लोको पायलटच्या हाती आले आहे, तेव्हा पटाख्यांचे काम कमी झाले. तरी गार्डजवळ, पेट्रोलमनजवळ ते आजही असतात. किती तरी अपघात या डबीने टाळले आहेत.

डबीची मुदत असते, नमुन्यादाखल काही डब्या रिकाम्या वाघिणीखाली वाजवून तपासायच्या असतात, आणि त्या वेळी माणसांनी ५० मीटर लांब उभे राहायचे असते. का? तर पत्र्याचा कपचा उडून डोळ्याला लागू शकतो. म्हणजे खेळणे नव्हे. पण रेलगाडी उडवणारा बॉम्बही नव्हे.

सागफाट्याचा उलगडा काय झाला? डिटोनेटर रेल्वेचेच निघाले. संशय आला रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्यावर, त्याला अटक झाली. गुन्हा गंभीरच आहे. सरकारी स्फोटक वस्तू बाहेर जाणे, कारण नसताना गाडी थांबवणे, याला मी हलके लेखत नाही. त्याच महिन्यात ८ तारखेला आपल्या शेजारी कानपूरजवळ कालिंदी एक्स्प्रेसच्या वाटेत कोणीतरी गॅसचा सिलिंडर ठेवला होता, तेव्हा लोकांच्या मनात भीती बसली होती हेही खरे. पण मला खटकली ती वेगळी गोष्ट. जी वस्तू प्रवाशाचा जीव वाचवण्यासाठी शंभर-दीडशे वर्षे रुळावर लागते आहे, तिचे नाव ऐकताच देश दचकला. आणि "हे आहे तरी काय?" असा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

भीती वाटण्याला माझी हरकत नाही. रुळावर काम करणारा माणूस भीतीवरच जगतो. गाडी येते आहे का हे न बघता जो रुळावर बसतो, तो फार दिवस नोकरी करत नाही. हरकत आहे ती भीतीचा पत्ता चुकण्याला.

दुसरे उदाहरण घरचे आहे. आम्ही राहतो त्या कॉलनीच्या मैदानात दोन हिवाळ्यांपूर्वी एक लग्न होते. कोणाचे ते सांगण्यात अर्थ नाही. रात्री वरात आली, बँड वाजला, आणि साडेअकराच्या सुमारास रायफलचे पाच-सहा बार झाले. कॉलनीत जवळपास ६० घरे. कोणी खिडकी लावली नाही, कोणी पोलिसांना फोन केला नाही. माझ्या शेजारच्या भाभीजी गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या, हातात लहान मूल. सकाळी खेळायला गेलेल्या मुलांना गवतात एक पुंगळी सापडली. मग मात्र हाहाकार! मुलांना घरात कोंडले, मैदान रिकामे केले, कोणी म्हणे बॉम्बशोधक पथक बोलवा, कोणी म्हणे वाळूची बादली आणा. दोन शिपाई आले, त्यांनी पुंगळी रुमालात उचलली आणि खिशात टाकून घेऊन गेले. जी रात्री माणसे मारू शकत होती तिचे कौतुक, आणि सकाळी जी मुंगीलासुद्धा मारू शकत नव्हती तिची दहशत.

ती पुंगळी शिपायाने उचलण्यापूर्वी मी वाकून पाहिली होती. तिच्या बुडावर अक्षरे होती, '८ एम.एम.' आणि 'के.एफ.' उत्तर प्रदेशातल्या पोलीस पंचनाम्यांत ही अक्षरे हमखास भेटतात. के.एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ सालचा. इथल्या लग्नांत उडणारे काडतूस आपल्यासारखेच महाराष्ट्रातून येऊन इथे स्थायिक झालेले आहे म्हणा ना! (भुसावळजवळ वरणगावलाही काडतुसांचा कारखाना आहे. त्या गावात काडतूस हा शब्द ऐकून कोणी दचकत नाही. तिथे तो पगाराचा विषय आहे.)

काडतूस म्हणजे काय, हे मुलांसाठी थोडक्यात सांगतो, मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टिकली, आत दारू, आणि तोंडाला बसवलेली गोळी. बंदुकीचा घोडा दाबला की टोकदार पिन टिकलीवर आदळते, टिकलीतली ठिणगी दारूला लागते, दारूचा क्षणात वायू होतो. रायफलमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या तीन-तीन हजार पटींपर्यंत जातो. या दाबाला चहूबाजूंनी पोलादाने अडवलेले असते, एकच वाट मोकळी असते ती नळीची. म्हणून गोळी त्या वाटेने सुटते. गोळीचा वेग हा सगळा नळीने दिलेला असतो. काडतूस उघड्यावर असेल तर दाब साठायला जागाच नाही. ते आगीत पडले तर पुंगळी फाटते, फट्ट असा आवाज होतो, पितळेचे तुकडे उडतात, ते डोळ्याला, हाताला इजा करू शकतात. म्हणून काडतूस विस्तवात टाकू नये, हातोडीने ठोकू नये, हे सांगणे आलेच. पण टेबलावर पडलेले काडतूस आपणहून उठून कोणाच्या अंगावर जात नाही. आणि वाजून गेलेली पुंगळी म्हणजे केवळ पितळ. चौकातल्या आपल्या मंडळींना विचारा, ते किलोचा भाव सांगतील.

मग सापडलेल्या जिवंत काडतुसाला हात लावावा का? नाही. पण धावपळही करू नये. मुलांना बाजूला करून पोलिसांना कळवावे, एवढे पुरे. याउलट तोफगोळा, मॉर्टरचा बॉम्ब, ग्रेनेड, गंजलेले काही बोजड लोखंड सापडले तर मात्र मागच्या पावली फिरावे. हा फरक आपल्याकडे कोणी शिकवत नाही, आणि इथेच भीती अगदी उलटी फिरते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव आबाजी इथे मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवत असताना स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते, रोजंदारीवर पेट्या उतरवायला आलेले. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या भोवती, लष्कराच्या सरावानंतर भंगार वेचायला जाऊन माणसे मेली आहेत. पितळ-तांब्याला भाव येतो, पोट रिकामे असते, भीती मागे पडते. शहरात आम्ही पुंगळीला भितो आणि तिकडे माणूस न फुटलेला गोळा खांद्यावर टाकून घरी नेतो.

आता आपल्यातल्याच एकाची हकीगत. नाव घेणार नाही, ते आज मांडवात असतीलही. चौकात त्यांची सोन्या-चांदीची गलाईची भट्टी आहे, मूळ सातारा भागातले. तिकडच्या घरांत फौजेतला माणूस नाही असे घर विरळा. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर आपण जाणतोच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा घरांत शोकेसमध्ये मेडलशेजारी घासूनपुसून चकचकीत केलेली पुंगळी असते, तोफेच्या मोठ्या पुंगळीची फुलदाणी असते. या गृहस्थांच्या थोरल्या भावाने निवृत्तीच्या वेळी रायफलच्या रिकाम्या पुंगळीला कडी लावून किल्ल्यांचा जुडगा करून दिला होता. बारा वर्षे तो खिशात वागवला. एकदा घाईने विमानाने पुण्याला निघाले आणि एका विमानतळावर यंत्राने तो जुडगा धरला. विमान गेले. दुपारपासून रात्रीपर्यंत बाकावर बसवून ठेवले. घरी फोन, वकील, जामीनदार. ज्या कामासाठी निघाले होते ते म्हणजे आईच्या वर्षश्राद्धाचे. ते राहिले ते राहिलेच.

तपासणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. यंत्रावर पुंगळी भरलेली की रिकामी ते लगेच ठरवता येत नाही आणि त्यांना शंका घेण्याचाच पगार असतो. पण कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. मात्र त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. शस्त्राचा वा दारूगोळ्याचा किरकोळ भाग, जो पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही, तो जवळ असणे हा गुन्हा धरला जात नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यापासून सांगितले आहे, की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस विसरून राहिले, बाळगणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता, तर तो शस्त्र बाळगणारा ठरत नाही. या आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने विमानतळांवरचे असे कितीतरी गुन्हे रद्द केले आहेत. म्हणजे शेवटी सुटका होते. पण शेवट येईपर्यंत वकिलाची फी, तारखा, पासपोर्टची अडचण, मुलाच्या नोकरीची चौकशी, हे सगळे भोगून होते. तेव्हा माझी व्यावहारिक विनंती अशी, की फौजी घरातल्या मंडळींनी आठवण शोकेसमध्येच ठेवावी, किल्लीला लावू नये. आणि ज्यांच्याकडे परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी प्रवासाला निघताना बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा.

काडतुसाच्या भीतीची गोष्ट लखनौत बसून सांगायची आणि १८५७ चे नाव घ्यायचे नाही, हे कसे चालेल? त्या वर्षी एनफिल्ड रायफलचे नवे काडतूस आले. कागदात गुंडाळलेली दारू व गोळी, कागद वंगण लावलेला, आणि तो दाताने फाडायचा. वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे ही बातमी जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून निघाली. पुढचे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे सांगत नाहीत ते असे. सरकारने नंतर शिपायांना सांगितले, वंगण तुमचे तुम्ही तयार करा, तूप आणि मेण वापरा. मार्चमध्ये कवायत बदलली, दाताऐवजी हाताने फाडायला परवानगी दिली. उपयोग शून्य. शंका वंगणावरून कागदावर गेली. कागद चकाकतो, म्हणजे त्यातच काहीतरी असणार. बऱ्हाणपूरचा नव्हे, बंगालमधल्या बेऱ्हामपूरचा १९ वा रिसाला... रिसाला कसला, पायदळाची पलटण होती ती, तिने फेब्रुवारीत नकार दिला, तेव्हा तिच्यापुढे आलेली काडतुसे जुन्या मस्कतीचीच होती. मग मे महिन्याच्या आरंभी आपल्या इथे मूसाबागेत असलेल्या ७ व्या अवध इरेग्युलर पलटणीने काडतूस घ्यायला नकार दिला, आणि ३ मे रोजी सर हेन्री लॉरेन्सने तिची शस्त्रे काढून घेतली. मेरठ पेटण्याच्या आठवडाभर आधी! (मूसाबागेत आज लोक एका गोऱ्या कॅप्टनच्या कबरीवर सिगारेट वाहून नवस करतात. लखनौ ते लखनौच.)

त्या शिपायांच्या भीतीला मी अडाणी म्हणणार नाही. अवधचे राज्य वर्षभरापूर्वीच खालसा झाले होते, भत्ते कापले जात होते, धर्म बुडवणार अशी चर्चा गावोगाव होती. काडतूस हे निमित्त झाले. पनवेल-पेणकडचे वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी उत्तरेकडे निघाले होते. त्यांनाही महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून ही काडतुसांची हकीगत ऐकायला मिळाली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला, आपल्या मंडळाच्या कपाटात त्याची प्रत आहे, जरूर वाचा. माझ्यासारख्या यंत्राच्या माणसाला त्यातून दिसते ते एवढेच, की सांगणाऱ्यावरचा विश्वास एकदा उडाला की वस्तू उघडून दाखवली तरी भीती जात नाही. सरकारने ते काडतूस कशाचे आहे हे पहिल्याच दिवशी सरळ सांगितले नाही. नंतर सांगितलेले सगळे सारवासारवीसारखे दिसले.

रेसिडेन्सी आपण सर्वांनी पाहुण्यांना दाखवली आहे. भिंतींवरच्या तोफगोळ्यांच्या खुणा आजही हात लावून पाहता येतात. तिथली एक गोष्ट मात्र गाइड घाईत सांगतो. १ जुलै १८५७ ला लॉरेन्सच्या खोलीत एक गोळा येऊन फुटला, त्याला काही झाले नाही. सहकारी म्हणाले, खोली बदला. तो म्हणाला, याच खोलीत दुसरा गोळा टाकील असा गोलंदाज शत्रूकडे नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा गोळा त्याच खोलीत आला. ४ जुलैला लॉरेन्स मरण पावला. एकदा काही झाले नाही, म्हणजे पुढेही होणार नाही. हा हिशोब जितका त्याचा चुकला, तितकाच गॅलरीत मूल घेऊन उभ्या राहणाऱ्या आमच्या भाभीजींचाही चुकतो आहे.

कारण आपण राहतो कुठे ते पाहा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०१६ अखेर देशात शस्त्रांचे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार. महाराष्ट्रात ८४ हजार. २०११ च्या जनगणनेने भागले तर इथे साधारण दर १५६ माणसांमागे एक परवाना, आपल्याकडे १,३०० हून अधिक माणसांमागे एक. हे परवान्याचे झाले. गावठी कट्टे त्यात नाहीत. त्यामुळे आपण जेव्हा नवीन बदली होऊन इथे येतो, तेव्हा सुरुवातीला बँकेत, लग्नात, पेट्रोल पंपावर खांद्यावर दुनाली लटकवलेला माणूस पाहून पोटात गोळा येतो. वर्षभरात सवय होते. दोन वर्षांत आपली मुले त्याला नमस्ते करतात. ही सवय मला भीतीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

हर्ष फायरिंग, हा इथला शब्द. आनंदाने गोळीबार. नोव्हेंबर २०१६ मध्ये हरियाणात कर्नालच्या एका लग्नात नवरदेवाच्या नात्यातली एक बाई अशा गोळीने गेली. पुढच्याच महिन्यात पंजाबात भटिंडा जिल्ह्यातील मौर मंडीत लग्नात नाचण्यासाठी बोलावलेली एक तरुणी मंचावरच गेली. गोळी मारणारे कोणी शत्रू नव्हते. आनंदात होते. आणि "आम्ही हवेत झाडतो, कोणाला लागते?" या म्हणण्याला हिशोबाने उत्तर देतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्करातील ज्यूलियन हॅचर यांनी फ्लोरिडात पाण्यावर फलाट बांधून सरळ वर गोळ्या झाडून पाहिल्या. परत पडणाऱ्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३०० फूट भरला, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. आपली राजधानी ताशी १३० ने धावते. हे झाले अगदी सरळ वर झाडल्यावर. नाचणाऱ्या माणसाची नळी सरळ नसते, तिरकी असते, आणि तिरकी गेलेली गोळी आपला बराचसा वेग घेऊनच दोन किलोमीटरच्या पुढे जाऊन पडते. वरातीत झाडलेली गोळी तिसऱ्या मोहल्ल्यात गच्चीवर झोपलेल्या माणसापर्यंत पोचते. त्याला लग्नाचे आमंत्रणही नसते.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि लग्न-समारंभात इतरांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा आहे. तक्रार करणारा नाही. कारण तक्रार करायची ती यजमानाविरुद्ध, ज्याच्याकडे आपण पनीर खाल्ले.

आता आपल्या मांडवाकडे येतो. शस्त्राशी आपले वैर नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो, माझ्या घरी त्या दिवशी स्पॅनर आणि गेज पुजले जातात, इथले सहकारी विश्वकर्मापूजेला तेच करतात. पुजलेले शस्त्र पाटावर असते, रिकामे असते, कोणाच्या डोक्यावरून जात नाही.

गेल्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीत एक पाहुणे आले होते. मंडळाला देणगी देणारे, सज्जन गृहस्थ. त्यांच्याबरोबरच्या गनरने गोमतीच्या वाटेवर आरतीच्या वेळी हवेत दोन बार काढले. ढोलपथकातली आपली मुले टाळ्या वाजवत होती, मोबाईलवर चित्रण चालू होते. वर विजेच्या तारा होत्या, आजूबाजूला चार-चार मजली घरांच्या गच्च्या भरलेल्या होत्या. कोणी काही बोलले नाही. त्याच मिरवणुकीत कोणी सुतळी बॉम्ब लावला असता, तर आपण त्याला मागे ओढले असते.

शस्त्रपरवान्याच्या छापील अटींतच लिहिलेले असते, की जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात शस्त्र घेऊन जायचे नाही. म्हणजे पाहुण्यांना आपण नवीन काही सांगणार नाही, त्यांच्याच परवान्यावर छापलेले त्यांना वाचून दाखवणार आहोत. मी अध्यक्षांकडे दोन गोष्टींचा लेखी प्रस्ताव दिला आहे. एक, निमंत्रणपत्रिकेवर तळाशी एक ओळ छापावी, मराठीत आणि हिंदीत, की मिरवणुकीत शस्त्र आणू नये, अंगरक्षक असल्यास त्याने ट्रकच्या मागे, गाडीतच थांबावे. दुसरी, आपल्या स्वयंसेवकांपैकी दोघे ज्येष्ठ, ज्यांना इथल्या हिंदीत गोड बोलून नाही म्हणता येते, त्यांनी पाहुण्यांच्या गाड्यांपाशी उभे राहावे. देणगी कमी होईल अशी शंका खजिनदारांनी व्यक्त केली आहे. ती खरीही ठरेल. चौकातल्या तीन दुकानदारांनी तेवढी तूट भरून काढण्याचे मला सांगितले आहे, त्यात किल्ल्यांच्या जुडग्यावाले गृहस्थही आहेत.

विसर्जन आठ दिवसांवर आहे. पोलीस परवानगीचा अर्ज सोमवारी जाईल, त्यातच ही ओळ घालायची की नाही हे उद्याच्या बैठकीत ठरेल. बैठक आरतीनंतर, मागच्या खोलीत. ढोलपथकाच्या मुलांनीही यावे.